गुळगुळीत रुळावरून डोंगर कसा चढायचा?

सुट्टी जवळ आली की घरोघरी बेत सुरू होतात. ताईला समुद्र हवा असतो, दादाला किल्ला, आजीला देवदर्शन आणि बाबांना नुसती झोप. यंदा तुमच्या घरच्या या चर्चेत मलाही तोंड घालू द्या. माझं म्हणणं असं, की एकदा सगळ्यांनी मिळून जुन्या आगगाडीची सहल करावी. पोचायचं कुठे हा प्रश्न दुसरा; आधी गाडी पाहायची. शंभर वर्षांहून जुनी, छोटीशी, रमतगमत डोंगर चढणारी गाडी! तिच्या खिडकीतून दरी तर बघायचीच, पण तिची चाकं, तिचे रूळ, तिच्यावर काम करणारी माणसं, हेही डोळे भरून बघायचं.

अशा गाड्या आपल्या देशात अजून धावतात. दार्जिलिंगची गाडी १८८१ पासून, निलगिरीची १८९९ पासून, काल्का-शिमल्याची १९०३ पासून आणि आपल्या माथेरानची १९०७ पासून. यांतल्या पहिल्या तिघी तर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. ताजमहाल, अजिंठा, वेरूळ यांच्या पंक्तीत आगगाड्या! मला याचा फार आनंद वाटतो.

पण गाडीत बसायच्या आधी एक कोडं सोडवायचं आहे.

आगगाडीचं चाक पोलादी आणि गुळगुळीत. खालचा रूळही पोलादी आणि गुळगुळीत. सायकलच्या टायरला नक्षी असते, बुटांच्या तळव्यांना खाचा असतात. कशासाठी? घसरू नये म्हणून. मग जिच्या चाकाला ना नक्षी ना खाच, ती गाडी डोंगर चढते कशी?

आधी हे बघू, की चाक गुळगुळीत ठेवलंच कशाला. पोलाद फार कडक असतं, ओझ्याखाली ते जवळपास दबतच नाही. एवढा जड डबा, पण त्याचं एक चाक रुळाला टेकतं ती जागा असते करंगळीच्या नखाएवढी! रबरी टायर मात्र खाली चपटा होतो आणि फिरताना सारखा दबत-फुलत राहतो. त्या दबण्या-फुलण्यात बरीच ताकद वाया जाते. पोलादी चाकाचं तसं होत नाही. सपाट रुळावर एक टन वजनाचा डबा चालता ठेवायला पाचएक किलो वजन उचलण्याइतका जोरही पुरतो. इतकं वजन इतक्या कमी कष्टात नेणारं जमिनीवरचं दुसरं वाहन शोधून सापडणार नाही.

चढ लागला की मात्र हाच गुळगुळीतपणा आडवा येतो. चाकाने रुळाला मागे रेटलं, तरच गाडी पुढे जाणार. रेटायला हवी पकड. कोरड्या रुळावर इंजिनाला मिळणारी पकड साधारण त्याच्या वजनाच्या पावपट धरा. रूळ ओला असेल, दवाने भिजला असेल, त्यावर पाला चिकटला असेल, तर त्याच्याही निम्मी.

आता मनातल्या मनात आपली एक गाडी बनवू या. इंजिन १२ टनांचं, डबे २८ टनांचे, मिळून ४० टन. इंजिनाची पकड त्याच्या वजनाच्या पावपट, म्हणजे ३ टन. याहून जास्त जोर लावला की चाकं जागच्या जागी गरगर फिरणार आणि गाडी तिथेच राहणार.

समोर चढ आहे. २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा. रेल्वेवाले याला ‘वीसास एक’ चढ म्हणतात. अशा चढावर गाडीच्या वजनाचा विसावा भाग तिला मागे खेचतो. ४० टनांचा विसावा भाग २ टन. पकड ३ टन, मागची ओढ २ टन. जमलं, गाडी चढली! पण एखाद्या सकाळी रूळ ओले असले तर? पकड उरली दीड टन, ओढ तीच २ टन. गाडी अडली.

हे आकडे नीट लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक डोंगरावर ते कामाला येणार आहेत.

वीसास एक म्हणजे किती भयंकर चढ, ते कळायला मुंबईहून पुण्याला निघू. मधे बोरघाट लागतो. कर्जतला गाडी थांबली की फलाटावर वडापावासाठी झुंबड उडते. तेव्हा गाडीच्या मागच्या टोकाला काय चाललंय ते कधी पाहिलंय का? तिथे ढकलायला जास्तीची इंजिनं जोडत असतात. त्यांना म्हणतात ‘बँकर’. लोणावळ्यापर्यंत पुढचं इंजिन ओढतं आणि मागची इंजिनं रेटतात. एवढा जामानिमा कशासाठी, तर सदतिसास एक चढासाठी. ३७ मीटर पुढे, तेव्हा कुठे १ मीटर वर.

आणि त्याच कर्जतच्या दोन स्टेशनं अलीकडे आहे नेरळ. तिथून निघणारी आपली इवलीशी माथेरानची गाडी वीसास एक चढ चढते!

माथेरानला आधी माणसं पायी, घोड्यावर किंवा पालखीत बसून जायची. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बडे उद्योगपती. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी मनावर घेतलं, की या डोंगरावर रेल्वे न्यायचीच. वडिलांनी पैसा उभा केला. १९०४ साली काम सुरू झालं, १९०७ साली गाडी धावू लागली. खर्च आला १६ लाख रुपये. डोंगराळ भागासाठी लहान रेल्वे बांधण्यात मुरलेले इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप त्यांचे सल्लागार होते.

कॅलथ्रॉपसाहेबांपुढे कोणता हिशोब होता, तो तुम्हालाही करता येईल. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे ७६० मीटर चढायचं. दर मीटर उंचीला निदान २० मीटर वाट हवी. ७६० गुणिले २० किती? १५,२०० मीटर, म्हणजे पंधरा किलोमीटरच्या वर. त्यात स्टेशनात गाडी उभी राहायची तर तिथे रूळ सपाट हवेत, आणि वळणांवर चढ जरा सौम्य ठेवावा लागतो. असं करत करत प्रत्यक्ष मार्ग जवळपास २१ किलोमीटरचा झाला. डोंगर तर नेरळच्या डोक्यावरच उभा! मग एवढी लांब वाट बसवायची कुठे? तर डोंगराच्या अंगाखांद्यावर वळणं घेत घेत. म्हणून ही गाडी सतत वळत असते. घोड्याच्या नालेसारखी वळणं घेऊन ती मागे फिरते आणि मघाशी जिथून गेलो ते रूळ खाली दिसू लागतात. शेवटच्या डब्यात बसा, म्हणजे वळणावर आपलंच इंजिन समोरून जाताना दिसेल.

इतक्या वळणांसाठी गाडी लहानच हवी. का, ते पाहण्यासाठी कागदावर एक अर्धवर्तुळ काढा आणि त्याच्या बाहेरून दुसरं. हे झाले वळणावरचे दोन रूळ. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असणार हे उघड आहे. किती लांब? अर्धवर्तुळाच्या वळणावर हा फरक दोन रुळांमधल्या अंतराच्या सव्वातीन पटींहून थोडा कमी असतो, वळण मोठं असो की छोटं! (मोठ्या मुलांनी ‘पाय’ वापरून ताळा करून बघावा.) मुंबई-पुणे मार्गावर रुळांमधलं अंतर असतं १६७६ मिलिमीटर. तिथे बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सव्वापाच मीटर जास्त धावतं. माथेरानच्या रुळांत अंतर आहे फक्त ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. तिथे हा फरक दोन मीटरही भरत नाही.

पण थांबा. बाहेरचं चाक जास्त धावतं म्हणजे काय? आगगाडीची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवलेली असतात. या दांड्याला म्हणतात आस. एक चाक एकदा फिरलं की दुसरंही एकदाच फिरणार. मग बाहेरचं चाक जास्त अंतर कसं कापतं?

याचं उत्तर घरीच मिळेल. कागदाचे दोन पेले घ्या. त्यांची तोंडं एकमेकांना लावून चिकटपट्टीने जोडा. मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता असा एक आकार तयार होईल. आता दोन लांब पट्ट्या किंवा काठ्या समांतर ठेवून त्यांचे रूळ करा, थोडा उतार द्या आणि पेल्यांची जोडी त्यावरून सोडा. मुद्दाम जरा एका बाजूला सरकवून सोडा. ती डावीउजवीकडे झुलेल, पण आपोआप मधे येत राहील आणि खाली पोचेल. आता पेले सोडवा आणि या वेळी बुडाला बूड लावून जोडा. सोडा! ही जोडी बघता बघता रुळावरून उतरून पडेल.

पहिल्या जोडीत जे घडलं तेच आगगाडीत घडतं. आगगाडीचं चाक सपाट दिसतं, पण ते किंचित निमुळतं असतं. आतल्या बाजूला घेर थोडा जास्त, बाहेरच्या बाजूला थोडा कमी. वळण आलं की चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला सरकते. मग बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं आणि आतलं लहान घेरावर. दोघं एक-एकच फेरी मारतात, पण बाहेरचं जास्त अंतर कापतं. चाकाच्या आतल्या बाजूला उंच कड असते ना, ती गाडीला रुळांवर ठेवते असं पुष्कळांना वाटतं. पण एरवी हे काम चाकाचा निमुळतेपणाच करतो. कड मदतीला येते ती वळण फार तीव्र असलं की. तेव्हा ती रुळाला घासते आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो. माथेरानच्या गाडीत तो आवाज पुष्कळ ऐकू येईल. घाबरलेल्या धाकट्या भावंडाला सांगा, की कड तिचं काम करतेय.

आता इंजिनाकडे येऊ. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची चार वाफेची इंजिनं माथेरानसाठी आली. त्यांचे क्रमांक ७३८ ते ७४१. प्रत्येकाला सहा चाकं, तीन आसांवर. आणि इथे कॅलथ्रॉपसाहेबांना मोठा पेच पडला असणार. पकड हवी तर सहाही चाकांनी जोर लावायला हवा, म्हणून सगळ्या चाकांना दांड्यांनी एकमेकांशी जोडावं लागतं. दांड्यांनी जोडलं की तिन्ही आसा समांतर राहणार. आणि समांतर आसांची लांबलचक चौकट अरुंद वळणात अडकणार! वळायचं तर आसा मोकळ्या हव्यात, ओढायचं तर जखडलेल्या हव्यात.

या इंजिनांत यावर जी युक्ती होती, ती मला फार आवडते. पहिली आणि तिसरी आस दुहेरी होती. आत एक भरीव दांडा, त्याच्याभोवती एक पोकळ नळी. दांड्यांनी फिरायची ती आतली भरीव आस, आणि ती चौकटीत घट्ट बसवलेली. चाकं मात्र बसवलेली होती बाहेरच्या पोकळ नळीवर. दोघींना जोडणारा सांधा होता बरोबर मध्यभागी, गोळ्याच्या आकाराचा. त्यामुळे आतली आस फिरली की नळी तिच्याबरोबर फिरायची, पण वळण आलं की नळी चाकांसकट जरा तिरकी व्हायची, जरा सरकायची. जोरही पोचला आणि वळणही घेता आलं! क्लीन आणि लिंडनर या दोघांच्या नावाने ही आस ओळखली जाते. या इंजिनांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत माथेरानचा घाट चढला. त्यांतलं ७४० क्रमांकाचं इंजिन पुढे पार इंग्लंडला पोचलं. आता घाटात डिझेल इंजिनं धावतात.

वाफेच्या काळाची एक खूण वाटेत अजून आहे. जुम्मापट्टी सोडल्यावर जे स्टेशन येतं त्याचं नावच आहे ‘वॉटरपाइप’. तिथे थांबून इंजिन पाणी प्यायचं. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याचीही भूक, आणि चढावर तर फारच.

सहलीचा बेत करताना एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात नेरळहून गाडी सुटत नाही. सह्याद्रीतला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात इथले रूळ आणि भराव वाहून गेले, आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडलं. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केलं; नेरळ ते माथेरान पूर्ण प्रवास परत सुरू झाला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणून दिवाळीची सुट्टी उत्तम. पावसाळ्यात गेलातच तर अमन लॉज या स्टेशनापासून माथेरानपर्यंत एवढी छोटी फेरी मिळते. वर पोचल्यावर मोटारींचा आवाज नाही. तांबडी माती, माकडं, घोडे आणि चिक्की!

वाफेचं जिवंत इंजिन बघायचं असेल तर मात्र दूर जावं लागेल. मोठी सुट्टी असेल तर जाच. दार्जिलिंगहून घूमपर्यंत जाऊन परत येणारी सैर आहे, तिला वाफेचं इंजिन लावतात. घूम २२५८ मीटर उंचीवर आहे, भारतातलं सर्वांत उंचावरचं रेल्वे स्थानक.

तिथे गाडीत चढायची घाई करू नका. आधी इंजिनाशेजारी जाऊन उभे राहा. गरम तेलाचा, कोळशाचा आणि ओल्या वाफेचा मिळून एक वास येतो. आत भट्टी धगधगत असते. भट्टीतले गरम वायू नळ्यांमधून धावतात, नळ्यांभोवती पाणी असतं, ते उकळतं. पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. बॉयलरमध्ये तिला तेवढी जागा कुठली मिळायला? मग ती सगळीकडून रेटू लागते. ड्रायव्हर तिला एक वाट मोकळी करून देतो, सिलिंडरची. तिथे असतो दट्ट्या. वाफ त्याला एकदा या बाजूने ढकलते, एकदा त्या बाजूने. दट्ट्या दांड्याला, दांडा चाकाला. हे सगळं इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, तुमच्या डोळ्यांसमोर चालतं. विजेच्या इंजिनात सगळं झाकलेलं असतं. इथे काहीच लपलेलं नाही.

आता कान द्या. झुक्-झुक्-झुक् हा आवाज कुठून येतो? काम करून थकलेली वाफ सिलिंडरमधून सुटते आणि थेट चिमणीत जाते, तो हा आवाज. पण ती चिमणीतच का सोडायची? बाजूला कुठेही सोडता आली असती की! इथे खरी गंमत आहे. चिमणीतून जोरात वर जाणारी वाफ आपल्याबरोबर धुरालाही खेचून नेते. धूर गेला की भट्टीत खालून ताजी हवा ओढली जाते. ताजी हवा मिळाली की आग भडकते. म्हणजे चढ लागला, इंजिनाने जास्त वाफ वापरली, की चिमणीतून वाफेचे फटकारे जोराने बसणार, आग जास्त भडकणार आणि वाफ जास्त तयार होणार. जेवढं काम जास्त तेवढी आग जास्त, आणि त्यासाठी कुणाला पंखा लावावा लागत नाही की बटण दाबावं लागत नाही. इंजिन स्वतःच स्वतःला फुंकर घालतं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना हे सुचलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

दार्जिलिंगच्या इंजिनावर माणसंही पुष्कळ असतात. एक ड्रायव्हर, एक भट्टीत कोळसा घालणारा, आणि एक जण कोळशाच्या ढिगावर बसून मोठी ढेकळं फोडून देणारा. आणि इंजिनाच्या अगदी नाकावर दोघं जण बसतात. त्यांच्या हाताशी असते वाळू! आपला हिशोब आठवा. रूळ ओला झाला की पकड ३ टनांवरून दीड टनावर येते. दार्जिलिंगला धुकं रोजचंच. मग चाकं घसरायला लागली, की हे दोघं रुळांवर वाळूची चिमूट सोडतात. खरखरीत कण चाकाखाली चिरडले जातात आणि गेलेली पकड परत मिळते. इतकं साधं काम, पण चुकीच्या वेळी चुकलं तर गाडी अडते.

त्या मार्गावर आणखी एक युक्ती आहे. काही ठिकाणी डोंगर इतका अंगावर येतो, की वळायलाही जागा नाही. तिथे गाडी पुढे जाते, रूळ संपतो, थांबते. मागे रुळांचा सांधा बदलतात. आता गाडी उलटी, पण दुसऱ्या, वर जाणाऱ्या रुळावरून मागे जाते. तिथेही रूळ संपतो. परत सांधा बदलतो आणि गाडी पुन्हा पुढे. एकाच उतारावर पुढे-मागे-पुढे करत ती वरचा मजला गाठते. आणि ऐका, ही युक्ती आपल्या मुलखात त्याहून आधीची आहे. १८६३ साली बोरघाटाचा मार्ग सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ असंच एक स्टेशन होतं. तिथे गाडी थांबून दिशा बदलायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद झालं.

आता शेवटचा डोंगर, सगळ्यांत अवघड. तमिळनाडूतला निलगिरी. मेट्टुपाळयमहून उटीपर्यंत ४६ किलोमीटरचा मार्ग. ३२६ मीटरवरून निघायचं आणि २२०० मीटरपर्यंत चढायचं. १८९९ मध्ये गाडी कुन्नूरपर्यंत पोचली, १९०८ मध्ये उटीपर्यंत. सोळा बोगदे, अडीचशे पूल, दोनशे आठ वळणं. आणि चढ? सव्वाबारा मीटर पुढे की १ मीटर वर!

आपल्या ४० टनांच्या गाडीला इथे आणून बघा. मागची ओढ झाली ४० भागिले सव्वाबारा, म्हणजे सव्वातीन टनांच्या वर. पकड तर कोरड्या, स्वच्छ रुळावरही ३ टनच. वाळू टाका, काही करा, हा हिशोब जमणार नाही. गुळगुळीत चाकाने इथे हार मानली.

म्हणून इथे चढाला दात लावले. कल्लार स्टेशनपासून कुन्नूरपर्यंत, सुमारे १९ किलोमीटर, दोन रुळांच्या मधोमध पोलादी दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चक्रं आहेत. चक्राचा दात पट्टीच्या खाचेत बसतो आणि गाडी एकेक दात वर सरकते. रोमान आब्ट या स्विस इंजिनिअरची ही पद्धत. पट्टी एक नाही, दोन आहेत, शेजारी शेजारी. आणि त्यांचे दात समोरासमोर नाहीत : एकीचा दात जिथे, तिथे दुसरीची खाच. त्यामुळे एका चक्राचा दात सुटत असला तरी दुसऱ्याचा घट्ट रुतलेला असतो. गाडी कधीही पूर्ण मोकळी होत नाही, धक्केही बसत नाहीत. कल्लारनंतर इंजिन या दातांवर चढतं तेव्हा गाडी अगदी मंद होते, आणि खालून कडकड आवाज सुरू होतो. आपण दातांवर आलो, हे डोळे मिटूनही कळतं.

या मार्गावर इंजिन गाडीच्या पुढे नसतं, मागे असतं, उताराच्या बाजूला. डबे पुढे, इंजिन मागून रेटतंय! समजा मधली एखादी कडी तुटली, तर डबे घसरून जाणार कुठे? इंजिनावरच येऊन टेकणार. तेवढ्यावरच भरवसा ठेवलेला नाही. प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकावर एक ब्रेकवाला उभा असतो, हातात झेंडी घेऊन. ड्रायव्हर सगळ्यांत मागे, त्याला पुढचं काही दिसत नाही. मग सगळ्यांत पुढचा ब्रेकवाला वाट पाहतो, झेंडी दाखवतो, त्याच्या मागचा ती पाहून आपली दाखवतो, आणि असा निरोप डब्याडब्यांतून इंजिनापर्यंत जातो. पहिल्या डब्यात पुढची जागा मिळाली तर सोडू नका. समोर इंजिन नाही, नुसते रूळ, दात आणि जंगल.

या इंजिनांना ‘एक्स’ वर्ग म्हणतात. मूळची ती स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावात बनली. पुढे तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात आपल्याच लोकांनी तशी नवीही बनवली. त्यांना चार सिलिंडर असतात. दोन सिलिंडर रुळावरची चाकं फिरवतात, दोन दातेरी चक्रं. दातांवर आल्यावर वाफ आधी चाकांच्या सिलिंडरमध्ये काम करते, आणि तिथून निघालेली, जोर थोडा कमी झालेली वाफ वाया न घालवता दातेरी चक्रांच्या सिलिंडरमध्ये पुन्हा कामाला लावतात. एकाच वाफेकडून दोनदा काम!

सहलीला निघताना सेकंदकाटा असलेलं घड्याळ बरोबर घ्या. दार्जिलिंगच्या वाफेच्या गाडीचा वेग तुम्हाला डोळे मिटून काढता येईल. तिच्या इंजिनाला दोन सिलिंडर, आणि प्रत्येकात दट्ट्याला दोन्ही बाजूंनी वाफ मिळते. म्हणून चाकाच्या एका फेरीत चार ‘झुक्’ होतात. चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत गाडी दोन मीटरहून किंचित जास्त पुढे जाते. दहा सेकंदांत किती ‘झुक्’ झाले ते मोजा. चाळीस झाले? म्हणजे चाकाच्या दहा फेऱ्या, साधारण २१ मीटर, ताशी सुमारे साडेसात किलोमीटर. आई-बाबांच्या मोबाइलवर वेग दिसतो, त्याच्याशी ताळा करा.

कुन्नूरच्या दातेरी वाटेवर मात्र हा हिशोब चालणार नाही. तिथे चिमणीतून बाहेर पडते ती दातेरी चक्रांना फिरवून आलेली वाफ, आणि त्या चक्रांचा घेर चाकांपेक्षा वेगळा आहे. मग तिथे वेग मोजायला काय काय माहीत असायला हवं? निदान पट्टीवरच्या दोन दातांमधलं अंतर, आणि चक्राला दात किती ते तरी. कुन्नूरच्या फलाटावर गाडी बराच वेळ थांबते. तिथे एखाद्या फायरमनकाकांना विचारून बघा.